सोलकढी भाजूची नसता

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि पातेल्यात दोन फुलपात्री सोलकढी उरली. एरवी ती मी ओट्याशी उभ्यानेच पिऊन टाकतो आणि पातेलं विसळून ठेवतो. त्या दिवशी संध्याकाळी टोमॅटोच्या सुपाबरोबर सोडा ब्रेड करायचं मनात होतं. फ्रिजमध्ये ताक होतं, पण ते पिशवीतलं, जिरं-हिंग-मीठ घातलेलं. खाली उतरून साधं दही आणायचा कंटाळा आला. सोलकढीकडे बघितलं. आंबट आहे, ताकाइतकीच पातळ आहे, नारळाचा स्निग्धपणा आहे, लसूण-मिरची तर आधीच वाटून घातलेली आहे. मग ताकाच्या जागी ही का चालू नये? एवढ्याशा आळसापायी चार रविवार खर्ची पडले.

सोडा ब्रेड मी डब्लिनला शिकलो. २०१८ मध्ये कामासाठी दहा महिने तिकडे होतो. ज्यांच्या घरात खोली घेतली होती त्या आजी दर दोन दिवसांनी सकाळी ब्रेड करायच्या. त्यांना बघताना वाटायचं, या बाई काही करतच नाहीयेत. मोठ्या भांड्यात पीठ, मीठ, सोडा. मधोमध आळं. त्यात ताक ओतायचं, बोटं फाकवून पंजा ताठ ठेवायचा आणि पाच-सात वेळा गोल फिरवायचा. मळणं नाही, तिंबणं नाही. चिकटसर गोळा पिठावर टाकून जरा थोपटला की सुरीने वर खोल फुली मारायची. फुली नाही मारली तर पऱ्या आत अडकून बसतात, असं त्या गंभीर चेहऱ्याने सांगत. एरवी कारण साधंच आहे, चिरांमुळे मधला जाड भाग कच्चा राहत नाही. यीस्ट नसल्यामुळे फुगायची वाट पाहणंही नाही. पीठ भिजवल्यापासून तासाभरात ब्रेड टेबलावर.

तिकडचा गहू मऊ, पिठाला चिवटपणा कमी. यीस्टच्या ब्रेडला तो फारसा साथ देत नाही. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा मिळू लागला आणि घुसळून लोणी काढल्यावर उरणारं ताक घरात होतंच, त्यातून हा गरिबाघरचा ब्रेड रुळला. ताकातल्या आम्लाने सोड्यातला वायू सुटतो आणि तेवढ्या वायूवर गोळा फुगतो. हे लगेच, तिथल्या तिथे होतं. ढोकळ्याच्या पिठात इनो घातल्यावर घरात जी धावपळ उडते ना, तीच इथे. आधी भट्टी तापलेली हवी, मगच पीठ ओलं करायचं. हे मला तेव्हापासून पाठ होतं. पाठ असणं आणि पाळणं यात किती अंतर असतं ते पुढे येईलच.

तर पहिला रविवार. दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम घरची कणीक, एक छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. आळं केलं आणि सोलकढी ओतली. क्षणभर ती आळ्यात गुलाबीच होती. मग जिथे तिचा काठ पिठाला टेकला तिथे एक जांभळी रेघ उमटली, ओल्या कागदावर शाईचं पेन टेकवल्यासारखी. हात फिरवला तशी रेघ पसरत गेली, जांभळ्याची निळसर झाली, आणि पाचव्या फेऱ्याला माझ्या हातात ओल्या सिमेंटच्या रंगाचा गोळा होता. बोटांच्या पेरांत तोच रंग. हात धुतले तर बेसिनमध्ये निळं पाणी.

आई मागे येऊन उभी होती. ती मूळची वेंगुर्ल्याकडची. डोंबिवलीत येऊन पन्नास वर्षं झाली, पण आश्चर्य, राग आणि लाड अजून मालवणीतच.

"ह्या काय रे केलंस?"

"सोलकढीचा ब्रेड."

तिने गोळ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. "सोलकढी पिवची असता. भाजूची नसता."

ओटीजीमध्ये दोनशे डिग्रीवर चाळीस मिनिटं ठेवला. घरभर लसणीचा असा खमंग वास सुटला की मला वाटलं, रंग गेला तर गेला, चव तरी हाताशी लागेल. वरचं कवच नेहमीपेक्षा बरंच काळपट झालं होतं. कापला तर आतून राखाडी, मधूनमधून जांभळट झाक, ठेच लागून दोन दिवस झालेल्या अंगठ्यासारखी. पहिल्या घासाला लसूण लागली, मग मिरची, आणि मग साबण. नारळाचं तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो हे शाळेत शिकलो होतो. चाळीस मिनिटांत ओटीजीमध्ये साबणाचा कारखाना निघाला नसणार, ती चव उरलेल्या सोड्याची, हे मला कळत होतं. जिभेला कोण समजावणार? आंबटपणाचा तर मागमूस नव्हता. उरलेला ब्रेड खिडकीत ठेवला. कावळ्याने एक टोच मारली आणि तो समोरच्या ग्रिलवर जाऊन पाठ करून बसला. "कावळो सुद्धा शिवाक नाय," आई म्हणाली. हे वाक्य आपल्याकडे कुठल्या प्रसंगी म्हणतात ते सांगायला नको.

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासायची. एखादी गोष्ट बिघडली की ती पुन्हा, ठरवून, छोट्या प्रमाणात बिघडवून बघायची सवय लागलेली आहे. दुसऱ्या दिवशी रात्री चार पांढऱ्या वाट्या घेतल्या. प्रत्येकीत चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा मिठातला दाट रस, आणि चार चमचे पाणी. पहिली तशीच ठेवली. दुसरीत सोड्याचे चार दाणे, तिसरीत चिमूट, चौथीत दोन चिमटी. दुसरी वाटी फसफसली आणि गुलाबीची जरा मंद झाली. तिसरी जांभळी झाली. चौथी आधी निळसर झाली आणि दोन मिनिटांत तळ्यातल्या शेवाळासारखी हिरवट. मग त्याच हिरवट वाटीत पुन्हा थेंब-थेंब आगळ सोडत गेलो, तर फेस येत-येत रंग परत गुलाबीकडे सरकला. पूर्ण नाही, विटलेला, पण गुलाबी.

तोवर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता, आणि तो आठवीतला होता. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, जास्वंदीच्या रसाचा कागद सोड्याच्या पाण्यात रंग बदलतो, तेच हे. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन जातीच्या रंगद्रव्यांचा असतो, ती आम्लात लाल राहतात आणि क्षार चढला की जांभळी, निळी होत जातात. म्हणजे माझा सिमेंटी गोळा मला स्पष्ट शब्दांत सांगत होता की सोडा जास्त झालाय. सोलकढीत आगळ असतं तरी किती? दोन फुलपात्रांना जेमतेम दोन-तीन चमचे. ताकाच्या मानाने तिचं आंबट फारच तोकडं, आणि मी सोडा मात्र ताकाच्या हिशेबाने घातलेला.

उपाय सोपा वाटला. आंबट कमी पडतंय ना, मग सरळ आगळच घालू.

इथे आईशी पहिलं भांडण झालं. तिच्या आगळाच्या बाटल्या माहेरहून येतात, वर्षाला दोन. "आगळ काय नळाक येता?" असं तिने विचारलं, आणि विचारायचा तिला हक्क आहे. तिच्या माहेरच्या घराच्या मागच्या अंगाला तीन रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं होती. त्यातलं एक नर निघालं. बी लावून केलेल्या झाडात हा जुगार असतोच. सात-आठ वर्षं पाणी घालायचं आणि मग कळतं की याला फळ धरणारच नाही. म्हणून मामाने नंतर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता जातीची कलमं लावली. एप्रिल-मेमध्ये फळं पिकून काळपट लाल झाली की घरातल्या बायका पाटावर बसून ती फोडतात. सालं एकीकडे, बियांचा गर दुसरीकडे. सालं मिठाच्या थरांत बरणीत घालून ठेवली की त्यांना पाणी सुटतं, ते दाट, जांभळट लाल, जिभेवर ठेवलं तर कानशिलं आक्रसतील असं आगळ. आमसुलांसाठी सालं उन्हात वाळवायची आणि गराच्या खारट रसाची पुटं चढवत परत-परत वाळवायची. बियांचं तेल निघतं, ते थिजून पांढरं घट्ट होतं आणि आई अजून थंडीत टाचांना तेच लावते. आणि या सगळ्याची शर्यत पावसाशी. एक वळीव आला की आठवड्याची मेहनत बुरशीला. हे सगळं ऐकवून झाल्यावर तिने मला अर्धी वाटी आगळ मोजून दिलं, दुधाच्या हिशेबाला बसलेल्या माणसासारखं.

(जाता जाता: दुकानात आगळ मागताना बाटली फिरवून वाचा. शेजारीच तसल्याच रंगाचं कोकम सरबत असतं, साखरेचं. त्याची सोलकढी एकदा आमच्या वरच्या मजल्यावर झाली होती. पाहुणे अजून आठवण काढतात.)

दुसरा रविवार. अर्धी वाटी आगळ, नारळाचं दूध आणि पाणी मिळून आधीच्या सोलकढीइतकं. पीठ तेच, सोडा तेवढाच. या वेळी गोळ्याचा रंग खरोखर बरा आला, पावडरच्या डब्यातला असतो तसा मंद गुलाबी. मी इतका खूश झालो की फोटो काढत बसलो, आणि ओटीजी तापत ठेवायचा राहिलाय हे वीस मिनिटांनी लक्षात आलं. डोळ्यांदेखत गोळा फुगला होता, वर बारीक बुडबुडे फुटत होते, आणि भट्टी तापेपर्यंत तो हळूहळू खाली बसला, रुसलेल्या पोरासारखा. भाजल्यावर गुलाबीचा तपकिरी झाला, त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता, तो रंग उष्णतेला टिकत नाही. वाईट वाटलं ते घास घेतल्यावर. खारट! आगळ मिठातच मुरलेलं असतं, हे पंधरा मिनिटं ऐकून घेतल्यानंतरही मी सवयीने पिठात वर चमचाभर मीठ टाकलं होतं. आणि विचित्र गोष्ट अशी की एवढं कानशिलं आक्रसणारं आगळ घालूनही ब्रेड आंबट लागत नव्हता. मीठ लागत होतं, नारळ लागत होता, आंबट कुठेच नाही.

यावर मी दोन-तीन दिवस अडलो. मग संध्याकाळी आईला आमटी करताना बघत उभा होतो. डाळ शिजली, फोडणी झाली, गूळ पडला, गोडा मसाला पडला, उकळी आली, आणि गॅस बंद करायच्या जरा आधी तिने दोन आमसुलं सोडली.

"आधी का नाही घातलीस?"

"आमसुलां शेवटाक घालतत." एवढंच. का, ते तिला सांगावंसं वाटलं नाही आणि मीही पुढे विचारलं नाही, कारण माझं उत्तर मला सापडलं होतं. आमटीतलं तिचं कारण काही का असेना, माझ्या ब्रेडमध्ये मी सगळंच्या सगळं आंबट सोड्याच्या तोंडी देत होतो. आंबट आणि सोडा भिडले की वायू होतो, तो उडून जातो, आणि मागे जे उरतं ते आंबटही नसतं आणि सोडाही नसतो. प्रमाण बरोबर साधलं तर आंबटपणा पूर्ण संपणार, हेच तर प्रमाण बरोबर असल्याचं लक्षण! डब्लिनच्या आजींचा ब्रेडही ताकाचा असून कधी आंबटढाण लागला नव्हता, नुसती मागे एक हलकी झाक. म्हणजे ब्रेड फुगवायला एक आंबट हवं, ते खर्च होणारं. आणि जिभेला लागायला दुसरं, सोड्यापासून लपवून ठेवलेलं. फुगवायला ताक आहेच, स्वस्त आणि रोजचं. कोकम लपवायचं. रंगाचा नाद तेव्हा सोडला तो सोडलाच.

कोकमातलं ते आम्ल हायड्रॉक्सीसिट्रिक नावाचं, वजन उतरवायच्या गोळ्यांवर ज्याचं नाव छापून येतं तेच. आमच्या घरी तीन पिढ्या सोलकढी पितात, कुणाचं पोट आत गेल्याचं ऐकिवात नाही. असो.

तिसऱ्या रविवारच्या आधी पिठाचाही बंदोबस्त केला. आपली चपातीची कणीक इतकी बारीक दळलेली असते की ती पाणी पिऊन बसते आणि ब्रेड गच्च होतो. तिकडचं गव्हाचं पीठ रवाळ, हाताला कोंडा लागणारं. गिरणीत किलोभर गहू नेले आणि जाडसर दळून मागितले. "लाडवाला?" गिरणीवाल्याने विचारलं. हो म्हणालो. सोडा ब्रेड सांगत बसलो असतो तर मागे रांग होती. त्या लाडवाच्या पिठाने मोठाच फरक पडला, इतका की नुसत्या ताकाचा ब्रेड करायचा असेल तरी मी आता तेच वापरतो. दोनशे ग्रॅम मैद्याला दीडशे ग्रॅम हे पीठ. सोडा पाऊण छोटा चमचा. ताक घरच्या दह्याचं, एक दिवस बाहेर ठेवून चांगलं आंबवलेलं, तीनशे मिली, पण सगळं एकदम ओतायचं नाही. मीठ अर्धाच चमचा. लसणीच्या चार पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या ठेचून, मूठभर ओलं खोबरं, कोथिंबीर. आणि आमसुलं दहा.

आमसुलं मी कात्रीने कापून कोरडीच घातली. ब्रेड फुगला, कवच सोनेरी आलं, आत खोबऱ्याचे पांढरे कण दिसत होते. पण आमसुलाचा तुकडा दाताखाली आला की चपलेचा अंगठा चावल्यासारखं. शिवाय प्रत्येक तुकड्याभोवती निळसर वर्तुळ, टीपकागदावर डाग पसरावा तसं. पण मधोमध, त्या चिवट तुकड्यात, होतं. आंबट होतं! आधी ब्रेड, मग लसूण, आणि मग अचानक जिभेच्या कडेला कोकम. मी एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून हसलो. आईने एक तुकडा खाल्ला, आमसूल काढून बशीच्या कडेला ठेवलं, आणि "ह्या बरा आसा" म्हणाली. ते ब्रेडला होतं की आमसुलाला, विचारलं नाही.

चौथ्या रविवारी तयारी चोख होती. आमसुलं नवी, या वर्षीची, बोटाने दाबली तर दबणारी. ती कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवली, घट्ट पिळली, तांदळाच्या दाण्याएवढी बारीक चिरली आणि चमचाभर खोबरेल तेलात घोळवली, म्हणजे तेलाच्या पापुद्र्यामुळे ताक-सोड्याशी गाठ जरा उशिरा पडेल. पिळून निघालेलं पाणी आईच्या नजरेदेखत आमटीत ओतलं. ओटीजी वीस मिनिटं आधीच तापत लावला होता. बाहेर जूनचा पहिला मोठा पाऊस, वारा, खिडक्या आपटत होत्या. ताक ओतलं, पंजा ताठ, पाच फेरे, सहावा, चिरलेली आमसुलं अगदी शेवटी, सातवा फेरा. गोळा थोपटला. फुली मारायला सुरी उचलली आणि लाइट गेले.

डोंबिवलीत पहिल्या पावसात लाइट गेले तर ते पाच मिनिटांत येतात किंवा रात्री येतात. ओटीजीची लाल कांडी विझत-विझत काळी झाली. मेणबत्तीच्या उजेडात मला गोळा श्वास घेताना दिसत होता. आणखी दहा मिनिटं आणि हा दुसऱ्या रविवारसारखा रुसून बसणार.

"बाजूक हो," आई म्हणाली. "तवो खंय आसा?"

भाकरीचा बिडाचा तवा तिने स्वतःच काढला. गॅस पेटवला, तवा तापला, तिने त्यावर चिमूटभर पीठ टाकून बघितलं, पीठ जळलं तर आच कमी केली, पुन्हा टाकलं. मग माझा गोळा घेऊन परातीत पिठावर हाताने थापला, भाकरीपेक्षा जाड, बोटाच्या पेराएवढा. मळला नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. उलथण्याने चार तुकडे केले, चतकोर-चतकोर, आणि तव्यावर मांडून वर कढईचं झाकण उपडं घातलं.

मला तिथेच आठवलं की उत्तर आयर्लंडमध्ये सोडा ब्रेड असाच करतात. भट्टीत नाही, तव्यावर, गोल थापून चार भाग करून. त्याला फार्ल म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच चौथा हिस्सा. चतकोर! आईला सांगितलं. "मग?" ती म्हणाली, चतकोराला चतकोर म्हणतात यात सांगण्यासारखं काय, अशा सुरात. मग मी तिला बॅस्टिबलबद्दल सांगितलं. तिकडे खेड्यांत घरात भट्टी नसायची, तेव्हा जाड बिडाचं झाकणाचं भांडं चुलीच्या विस्तवावर टांगायचे आणि झाकणावर पीटचे, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचे, निखारे ठेवून सोडा ब्रेड भाजायचे. यावर मात्र तिने मान वर केली. धोंडस तसंच करायचे, म्हणाली. तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, जाड बुडाच्या टोपात घालून खाली मंद विस्तव आणि झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे. निखारे कमी-जास्त करायचं काम तिच्याकडे असायचं, सहा-सात वर्षांची असल्यापासून, आणि एकदा झाकण उचलताना एक निखारा आत पडला होता तो तिने बोटांनी काढून टाकला आणि कुणालाच सांगितलं नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वरून आच आणि खालून आच. वेंगुर्ल्यात काय आणि आयर्लंडातल्या कॉर्कमध्ये काय, ज्याच्या घरी भट्टी नाही तो झाकणावरच विस्तव ठेवणार.

आठेक मिनिटांनी तिने झाकण काढलं. वाफेबरोबर लसूण, खोबरं आणि आंबटसर धुरकट वास आला. तुकडे उलटले. खालच्या बाजूला तपकिरी ठिपके, आणि जिथे आमसुलाचा कण तव्याला टेकला होता तिथे काळा, चकचकीत डाग. दुसरी बाजू झाली, मग तिने प्रत्येक चतकोर उभा धरून त्याच्या कापलेल्या कडाही तव्यावर शेकल्या. हेही तिकडे करतात. हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एक चतकोर मी मधून फोडला. मेणबत्तीच्या उजेडात निळी वर्तुळं दिसतच नव्हती, असली तरी. आत मऊ, ओलसर, आणि खाली-वर कुरकुरीत पापुद्रा. पातळ असल्यामुळे कवचाचा वाटा जास्त, आणि माझ्या मते हा ब्रेड असाच करावा, ओटीजीत गोळा ठेवून चाळीस मिनिटं वीज जाळण्यापेक्षा. आमसूल आता चिवट नव्हतं. चार-पाच घासांत एकदा ते लागायचं, अगदी थोडं, आणि तोंडाला पाणी सुटायचं, मग पुढचा घास लगेच हवासा वाटायचा. जे तुकडे तव्याला लागून करपले होते ते तर सर्वांत चांगले.

आईने तिचा चतकोर बोटांनी तोडला. खाल्ला. पुन्हा तोडला.

"मीठ कमी झाला," ती म्हणाली.

मग उठून, अंधारात हाताच्या अंदाजाने, कपाटातून आगळाची बाटली काढली. बूच उघडून फोडलेल्या गरम तुकड्यावर चार थेंब सोडले, माशाच्या तुकडीवर सोडतात तसे. मी मेणबत्ती जवळ नेली. थेंब पांढऱ्या भागात मुरले आणि लालच राहिले.

तिने बाटली माझ्याकडे सरकवली. मोजून न देता.